दारावरचा क्रिस्टोफर

यात पदरचं काही घालणार नाही. जे मी पाहिलं ते पाहिलं म्हणून सांगेन, आणि जे ऐकलं ते कोणाच्या तोंडून ऐकलं तेही सांगेन. खोटं वाटलं तर जर्मन मुलखातल्या उल्म शहरात या. कातडी कमावणाऱ्यांच्या गल्लीत, ब्लाउ नदीच्या कालव्याला लागून तिसरं घर माझं. दाराच्या आतल्या बाजूला, उभ्या माणसाच्या डोळ्यांच्या उंचीवर, वाळलेल्या खळीचे चार डाग आहेत.

ते डाग कोणालाही दिसतात.

बाकीचं आता मला एकटीला माहीत आहे.

सन १४७४. ईस्टरच्या आधीचे उपवासाचे दिवस. मंगळवार होता, आणि सकाळ होती. असल्या गोष्टी नेहमी रात्री घडतात, म्हणून मुद्दाम सांगते. स्वच्छ ऊन पडलं होतं.

अफ्रा ही माझी सख्खी मावशी, माझ्या आईची थोरली बहीण. तिचा नवरा एन्ड्रेस लाकडावर चित्रं कोरायचा. त्याच्या दोन वर्षं आधी तो तापाने गेला होता. मागे उरली एक मुलगी आणि संतांची चित्रं कोरलेले सहा लाकडी ठसे. त्या ठशांवर मावशीचं घर चालायचं. ठशाला शाई लावायची, वर ओला कागद ठेवायचा, पाठीमागून घासायचा, आणि काळ्या रेघांचं चित्र सुकलं की आम्ही बायका-पोरी ते रंगवायचो.

टेबलाशी चौघी असायचो. माझी आई बार्बेल लाल रंग लावायची. झाडं आणि डोंगर अफ्रा मावशीकडे. मी सात वर्षांची होते, माझ्याकडे पिवळा. डोक्यामागचं तेजाचं वर्तुळ तेवढं भरायचं, बाहेर जायचं नाही.

आणि पाणी एनेलिनचं.

एनेलिन मावशीची मुलगी. सहा वर्षांची. तांब्याच्या गंजाचा हिरवा रंग असायचा तिच्या वाटीत, आणि कोपरापर्यंत हात हिरवे.

सगळ्यात जास्त खपायचा संत क्रिस्टोफर. नदीत उभा असलेला दांडगा माणूस, हातात झाडाएवढी काठी, खांद्यावर बाळ येशू. आमच्याकडे सगळे मानतात, की सकाळी ज्याने क्रिस्टोफरला पाहिलं त्याला त्या दिवशी अवचित मरण नाही. देवाचं नाव तोंडी नसताना येणारं मरण नाही. बाजारात मावशी तेच ओरडून विकायची.

"आज याला बघा, आज मरण नाही! घ्या, दाराला लावा!"

लोक घ्यायचे आणि दाराच्या आतून लावायचे. बाहेर पडण्याआधी नजर पडावी म्हणून.

मावशीच्या दारावरही एक होता. एनेलिनने पाणी रंगवलेला पहिलाच कागद. त्यात तिने क्रिस्टोफरच्या पायाशी बोटभर जागा पांढरीच सोडली होती.

"अगं, इथे रंग का नाही लावलास?" मावशीने विचारलं होतं.

"तो दगड आहे."

"कुठला दगड? ठशात दगड नाहीये."

"मग त्याने पाय कुठे ठेवायचा? घसरला तर बाळ पडेल ना!"

मावशी पोट धरून हसली. "ऐक गं बार्बेल, एवढ्या मोठ्या संताला ही दगड देतेय!"

पुढे विकायच्या चित्रांवर तसे दगड मावशी स्वतः भरून टाकायची. पण तो पहिला कागद तिने विकला नाही. खळ लावून दाराला चिकटवला, स्वतःच्या डोळ्यांसमोर येईल असा.

एनेलिनला तो दिसायचा नाही. म्हणून रोज सकाळी, तोंड धुवायच्याही आधी, ती दारापाशी जाऊन दोन्ही हात वर करायची.

"उचल."

मावशी उचलायची आणि विचारायची,

"बघितलास?"

"बघितला."

"त्याने तुला बघितलं?"

"बघितलं."

"मग जा आता. आज तुला काही होत नाही."

रोज हेच. शब्द न् शब्द हाच. मी आईबरोबर लवकर आले की दारात थांबून पाहायची. मला हेवा वाटायचा, कारण माझी आई मला असं उचलायची नाही. म्हणायची, "घोडी झालीस, पाय उंच करून बघ."

क्रिस्टोफरची गोष्टही मावशीच सांगायची. त्याने बाळाला खांद्यावर घेतलं, तेव्हा ते पिसासारखं हलकं होतं. नदीच्या मध्यावर पोचला आणि ते जड होत गेलं. इतकं जड, जणू सगळं जग खांद्यावर आलंय. तरी त्याने सोडलं नाही.

एनेलिनने एकदा विचारलं, "आई, मी तशी जड झाले तर?"

"झालीस तर झालीस. टाकून देईन की काय?"

हे मी माझ्या कानांनी ऐकलंय.

आता त्या मंगळवारचं सांगते.

फेरीवाला उत्स ब्लाउबॉयरेनच्या जत्रेला निघणार होता. त्याला शंभर क्रिस्टोफर हवे होते. मावशी तीन दिवस धड झोपली नव्हती. डोळे लाल झाले होते. सकाळी गड्डी मोजताना शेवटचा कागद वर आला आणि ती थांबली.

क्रिस्टोफरच्या तोंडावर हिरवा अंगठा उमटला होता.

छोटा अंगठा. डोळे, नाक, सगळं त्याखाली गेलं होतं.

"एनेलिन!"

एनेलिन नुकतीच उठून आली होती.

"हे कोणी केलं?"

"मी नाही."

"मग काय उंदराने केलं? हिरवी वाटी कोणाची?"

"माझी. पण मी नाही केलं, आई."

"वर खोटं बोलतेस?"

एनेलिनने टेबलाकडे पाहिलं. मग खाली पाहिलं.

कोरा कागद एकही उरला नव्हता. मावशीने गरम पाण्यात फडकं बुडवलं, दारावरच्या क्रिस्टोफरचे चारही कोपरे भिजवले आणि तो अलगद सोलून काढला. शेगडीवर धरून वाळवला. गड्डीत ठेवला. झाले शंभर.

"तुझ्यामुळे गेला हा," ती म्हणाली. "आता बस बिनसंताची."

मग एनेलिनच्या हातात रंगाच्या वाट्या दिल्या. घराच्या मागे कालव्यावर धुण्याची फळी होती, तिथे वाट्या खळखळून आणायचं काम रोज तिचंच असायचं.

एनेलिन जागची हलली नाही. दारापाशी गेली, वाट्या खाली ठेवल्या आणि दोन्ही हात वर केले.

"उचल."

"काय बघायचंय तिथे? रिकामं दार?"

"मी बघितल्याशिवाय जाणार नाही."

"जा म्हटलं ना!"

एनेलिनने वाट्या उचलल्या. गेली.

थोड्या वेळाने उत्स टोपली घेऊन आला. उत्स म्हणजे आमच्या घरचाच. एन्ड्रेसचा जुना दोस्त, तोंडाळ पण मनाने लोणी.

"काय वहिनी, आज घरात एवढी शांतता? आमची चिमणी कुठाय? काल विचारत होती, जत्रेत अस्वल असतं का."

"रुसलीये. भूक लागली की येईल."

उत्स शंभर कागद टोपलीत बांधून निघून गेला. एनेलिनची ओटची पेज टेबलावर तशीच होती. तिच्यावर साय धरायला लागली.

आणि मग माझी आई म्हणाली, "ताई... वाट्यांचा आवाज येत नाहीये."

रोज यायचा. लाकडावर मातीची वाटी ठेवल्याचा, टक टक. त्या दिवशी नुसतं पाणी ऐकू येत होतं. बर्फ वितळायला लागलं होतं, कालवा तुडुंब होता.

आम्ही मागे धावलो.

फळीवर वाट्या होत्या. स्वच्छ धुऊन, पालथ्या, एका ओळीत मांडलेल्या.

एक कमी होती. हिरवी.

दुपारी एनेलिन खाली पाणगिरणीच्या जाळीला अडकलेली सापडली. अंगात लोकरीचा झगा होता. ओली लोकर किती जड होते, ते मावशीला त्या दिवशी कळलं. तिने कोणाला हात लावू दिला नाही. गिरणीपासून घरापर्यंत स्वतः उचलून आणली. वाटेत दोनदा गुडघ्यांवर पडली, पण खाली ठेवली नाही.

तिला तसं आणताना मी पाहिलं, आणि माझ्या डोळ्यांसमोरून ते आजही जात नाही.

पुरून झाल्यावर मावशी पाद्रीबाबांकडे गेली. आईही बरोबर होती, तिने मला पुढे सांगितलं.

"बाबा, तिने क्रिस्टोफर बघितला नव्हता."

"सात वर्षांच्या आतलं लेकरू, अफ्रा. त्याला पाप कसलं? सरळ देवाजवळ गेलं."

"पण तिने मागितलं होतं. हात वर करून मागितलं होतं, आणि मी नाही उचललं."

"कागद बघून माणसं वाचत असती तर नदीत कोणी बुडालंच नसतं. वेड्यासारखं करू नकोस."

मावशी उभी राहिली. म्हणाली, "दहा वर्षं मी बाजारात ओरडून सांगतेय, की वाचतात. लोकांना सांगितलं ते खरं, आणि माझ्या पोरीपुरतं खोटं?"



पुरल्यानंतर चौथ्या दिवशी सकाळी पहिल्यांदा आवाज आला.

मावशी चुलीपाशी होती. आई टेबलाशी होती. मी पायरीवर बसले होते. उजाडलं होतं, शेजारचा चांभार कातडं घासत होता...

आणि मागच्या दाराकडून पावलं आली.

अनवाणी. ओली. चप... चप... चप...

पुढच्या दारापाशी येऊन थांबली.

तिथे कोणी नव्हतं.

फरशीवर पाणी होतं. दोन लहान पावलांएवढं. आणि दारावरचे खळीचे चार डाग, जे वाळून कडक झाले होते, ते ओले दिसत होते.

आईने छातीवर क्रूस केला आणि मला ओढून बाहेर नेलं.

दुसऱ्या दिवशी तेच. पावलं आली, थांबली. बराच वेळ थांबली. मग गेली.

तिसऱ्या दिवशी मावशी दारापाशीच वाट पाहत बसली होती. पावलं आली. तिच्या अगदी समोर पाणी साचलं. मावशीला भीती वाटली, असं ती स्वतः म्हणायची. पोटच्या पोरीची भीती वाटली, याची तिला पुढे जन्मभर लाज वाटली. ती भिंतीला चिकटली, डोळे मिटले आणि म्हणाली...

"तो इथे नाहीये गं, बाळा. उत्स घेऊन गेलाय. ब्लाउबॉयरेनला."



मग पावलं वळली. पुढच्या दारातून बाहेर गेली.

त्याच्या दुसऱ्या दिवशी कोणी आलं नाही.

पुढच्याही दिवशी नाही.

मावशीने आधी सुटकेचा श्वास सोडला. मग आठवडा गेला, आणि तिला ते घर खायला उठलं. पहाटे उठून मागचं दार उघडं टाकायची. फरशीवर हात फिरवायची. कोरडी. रोज कोरडी. आईला म्हणाली, "मी तिला घालवून दिलं गं, बार्बेल. दोनदा घालवून दिलं."

ईस्टर झाला. आणखी तीन आठवडे गेले. आणि एका सकाळी उत्स आला.

आम्ही त्याला ओळखलंच नाही. अंगावरचं मांस गेलं होतं. नेहमी दारातून ओरडत यायचा, त्या दिवशी उंबऱ्याबाहेर उभा राहिला. टोपली खाली ठेवून त्याने एकच कागद काढला.

पायाशी पांढरा दगड असलेला.

"वहिनी, हा घ्या. पैसे नकोत, काही नको. फक्त घ्या."

"विकला नाही?"

"तीनदा विकला. तिन्ही वेळा माणसं दुसऱ्या दिवशी परत आणून द्यायची. म्हणायची, चित्र ओलं आहे." त्याने कपाळाचा घाम पुसला. "वाळवला, वहिनी. शेगडीवर वाळवला, उन्हात वाळवला. पाणी सुकतच नाही. हात लावून बघा."

मावशीने चित्रातल्या पाण्यावर बोट ठेवलं.

बोटाला हिरवा रंग लागला. वर्षापूर्वी लावलेला रंग.

"आणि अजून सांगू का?" उत्स पुढे म्हणाला. "ब्लाउबॉयरेनला आठवड्याने सुरू झालं. रोज सकाळी, जिथे मुक्काम असेल तिथे, माझ्या टोपलीसमोर ओली पावलं. एवढीएवढी. मी गाव बदललं, ती आली. डोंगर चढून गेलो, ती आली. वहिनी, दगडगोट्यांचा रस्ता आहे तो, माझे बूट फाटले. आणि पावलं अनवाणी."



"मला काही माहीत नव्हतं हो," उत्स रडायला लागला. "काल वेशीवर कळलं, की चिमणी गेली."

मावशीने कागद छातीशी धरला होता. ती एकच वाक्य पुन्हा पुन्हा म्हणत होती.

"एवढं चालली... माझी पोर एवढं चालली..."

त्याच दिवशी तिने खळ शिजवली. कागद दाराला लावला, पण खूप खाली. एनेलिनच्या डोळ्यांसमोर येईल असा.

"आता तिला कोणाला मागायला नको," ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी आईबरोबर गेले. आईची जायची इच्छा नव्हती, पण बहिणीला एकटी कशी सोडणार?

पावलं आली.

चप... चप... आता ती मंद झाली होती. दमल्यासारखी.

दारापाशी थांबली. कागद समोर होता, अगदी समोर. आम्ही तिघी श्वास धरून उभ्या. आता बघेल. आता जाईल.

गेली नाही.

आणि मग... मी ऐकलं. आईने ऐकलं. मावशीने ऐकलं.

"उचल."

आई किंचाळली. मी तिच्या झग्यात तोंड खुपसलं. पण एका डोळ्याने मला दिसत होतं.

मावशी पुढे झाली. वाकली. दोन्ही हात पुढे केले, लेकराच्या बगलेत हात घालतात तसे. आणि उचललं.

तिच्या हातात काहीच नव्हतं.

पण हात खाली ओढले गेले. पाठ मागे वाकली, ओझं घेतल्यावर वाकते तशी. तिच्या पोटाशी झगा ओला होत गेला, आणि पाणी टपटप फरशीवर पडायला लागलं.

तिने मान खाली करून त्या रिकाम्या जागेकडे पाहिलं. आणि विचारलं, "बघितलास?"

उत्तर मला ऐकू आलं नाही. तिला आलं असावं.

"त्याने तुला बघितलं?"

मग तिला रडू फुटलं.

"मग जा आता," ती म्हणाली. "आज तुला काही होत नाही."

लोकांना वाटेल, की संपलं. मावशीलाही तेच वाटलं होतं. पोरीने क्रिस्टोफर पाहिला, आता ती देवाजवळ जाईल.

ती दुसऱ्या दिवशी पुन्हा आली.

आणि तिसऱ्या दिवशी.

मावशीने कागद काढला, खालची खळ पुसली आणि तो पुन्हा वर लावला, आपल्या डोळ्यांच्या उंचीवर. "खाली कशाला हवा?" ती म्हणाली. "मी आहे ना उचलायला."

एकोणीस वर्षं. एकही सकाळ चुकली नाही. आईने खूप समजावलं, पाद्रीबाबांना आणलं, पवित्र पाणी शिंपडलं. मावशी म्हणायची, "शिंपडा. ती तशीही ओलीच असते."

एक गोष्ट मात्र सगळ्यांच्या लक्षात येत होती. मावशीला ते ओझं पेलवेनासं झालं होतं. दरवर्षी ती जास्त वाकायची. दंडांवर निळे वळ उठायचे. एकदा मी विचारलं, "मावशी, मेलेली मुलं वाढतात का गं?"

"नाही. अजून सहाचीच आहे. पण जड होत चाललीये."

"मग सोड ना आता."

तिने माझ्याकडे असं पाहिलं, की मी खाली बघितलं.

"कबूल केलंय मी तिला," ती म्हणाली.

एकोणिसाव्या हिवाळ्यात, एका सकाळी, मावशी दारापाशी बसलेली सापडली. पाठ भिंतीला. हात पुढे, काहीतरी मांडीवर धरल्यासारखे. गेलेली. बाहेर सगळं गोठलं होतं, कालव्यावर बर्फ होता, घरात थेंबभर पाणी नव्हतं.

तिच्या बाह्या कोपरापर्यंत भिजलेल्या होत्या.

घर माझ्याकडे आलं. दुसरं कोणी उरलं नव्हतं. कागद दारावर तसाच होता, मी त्याला हात लावला नाही.

पहिल्याच सकाळी पावलं आली.

"उचल."

मी मागच्या दाराने पळाले.

तेव्हापासून अडतीस वर्षं मी सकाळी मागच्या दाराने बाहेर पडतेय. लग्न झालं, पोरं झाली, नवरा गेला. कोणाला काही दिसलं नाही, कोणाला काही ऐकू आलं नाही. "आई, उंबऱ्याशी गळतंय वाटतं," एवढंच मुलगी म्हणायची. मी फडक्याने पुसून घ्यायची. कान झाकून घ्यायची. नुसत्या भीतीने नाही...

आता खरं सांगते. इतकी वर्षं कोणाला सांगितलं नाही. पापांची कबुली द्यायला पाद्रीबाबांपुढे गुडघे टेकले तेव्हाही नाही.

तो अंगठा माझा होता.

त्या मंगळवारी आम्ही अंधार असतानाच आलो होतो. एनेलिन झोपलेली होती. मला नेहमी पिवळाच मिळायचा, आणि मला पाणी रंगवायचं होतं. मी तिच्या वाटीत बोट घातलं. मग मावशीची चाहूल लागली, मी दचकले, आणि हात कागदावर टेकला. हात पुसून मी आपल्या जागी जाऊन बसले.

"मी नाही," असं एनेलिन म्हणाली तेव्हा तिने टेबलाकडे पाहिलं होतं ना? तिने माझ्याकडे पाहिलं होतं. माझ्या नखात हिरवं राहिलं होतं. तिला कळलं होतं.

तरी तिने माझं नाव घेतलं नाही.

आता कोणत्या तोंडाने मी तिला उचलणार होते?

हल्ली शहरात नवं वारं आहे. संतांची चित्रं म्हणजे थोतांड, देव कागदात नसतो, असं सगळे म्हणतात. चर्चमधली चित्रंसुद्धा उतरवली. माझा जावई लीनहार्ट त्यातलाच. तसा माणूस वाईट नाही. पण दोन आठवड्यांपूर्वी मी बाजारात गेले असताना त्याने दारावरचा क्रिस्टोफर खरवडून काढला.

मी आले तेव्हा चार डाग तेवढे होते.

"कागद कुठाय?" मी विचारलं.

"दिला फेकून. अहो सासूबाई, किती जुनाट झाला होता, नुसता दमट. हाताला रंग लागत होता."

"कुठे फेकला?"

"मागे. कालव्यात."

मला रात्रभर डोळा लागला नाही. उजाडल्यावर मी अडतीस वर्षांत पहिल्यांदा पुढच्या दाराशी जाऊन उभी राहिले.

पावलं आली. थांबली. फरशी ओली झाली.

मी वाट पाहिली. या वेळी पळायचं नाही, असं ठरवलं होतं. हातही पुढे केले होते.

पण ती "उचल" म्हणाली नाही. रिकाम्या दारापाशी थोडी थांबली, आणि...

पावलं वळली. मागच्या दाराकडे.

मी मागे गेले. फरशीवर ठसे होते, मग पायरीवर, मग मातीत. सरळ धुण्याच्या फळीकडे जाणारे. फळीच्या टोकापर्यंत.

टोकाशी शेवटची दोन पावलं, शेजारी शेजारी. बोटं पाण्याकडे.

मी त्या फळीवर गुडघे टेकले. माझं वय चौसष्ट आहे, मला खाली बसायलाही कोणीतरी लागतं. पण मी बसले, पाण्यावर हात पसरले आणि मोठ्याने म्हणाले, "एनेलिन, अंगठा माझा होता. ये. मी उचलते."

पाणी वाहत होतं.

त्या दिवसापासून घरात पावलं येत नाहीत. उंबरा कोरडा असतो. लीनहार्ट म्हणतो, गळती आपोआप थांबली.

मी रोज सकाळी फळीवर जाते. हात पसरून बसते, दुपार होईपर्यंत. आता मला भीती वाटत नाही. ती जड झाली आहे हे मला माहीत आहे, माझी पाठ मोडेल हेही माहीत आहे. मोडू दे.

आजही बसले होते.

हात अजून हलकेच आहेत.